आतल्या बाईला तोंड आहे

कुंदाताईंवर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको, की बाई आजारी पडल्यावर याला उमाळा आला. त्यांच्या महिला हक्क गटातल्या बायका त्यांच्यावर एक छोटं पुस्तक काढतायत. गटाचं कोर्टकचेरीचं काम बघणारी नसीम मला म्हणाली, "तुम्ही पण लिहा." मी म्हटलं, "मी लिहीन ते तुम्हाला छापवणार नाही." ती म्हणाली, "लिहा तर. छापायचं काय ते आम्ही बघू." तर हे ते.

माझा धंदा जुन्या ऑफिस-फर्निचरचा. हिंजवडीत एखाद्या कंपनीने गाशा गुंडाळला, की आधी माणसं बाहेर पडतात आणि त्यांच्या मागोमाग खुर्च्या. माणसांना पुढे कोणी घेत असेल-नसेल, खुर्च्या मी घेतो. हातगाडीवर सुरुवात केली होती, आता सिंहगड रस्त्याला गोडाऊन आहे. शिक्षण दहावी. भाव करताना माझ्यासमोर इस्त्रीच्या शर्टातले भलेभले साहेब घामाघूम झालेले मी पाहिलेत. बढाई म्हणून सांगत नाही. कुंदाताई पहिल्यांदा गोडाऊनला आल्या तेव्हा काय झालं ते नीट कळावं म्हणून सांगतोय.

सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे पांढरे बूट. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यातून पाण्याची बाटली डोकावतेय. साठी ओलांडलेली. आल्या आणि म्हणाल्या, "बिनचाकाच्या खुर्च्या आहेत का?"

मी म्हटलं, "बाई, आता सगळ्या चाकाच्याच येतात. फिरते, मागे झुकते. बसून तर बघा."

"चाकं नकोत. आमच्याकडे बाई बोलायला बसते आणि अवघड गोष्ट आली की पायाने मागे मागे सरकत जाते. परवा एक पार भिंतीला जाऊन टेकली. तिला वाटलं मीच लांब गेले."

मला हसू आलं, पण गिऱ्हाईकासमोर हसायचं नसतं. मी भाव सांगितला. आमच्या धंद्यात पहिला भाव हा भाव नसतो, तो नमस्कार असतो. समोरच्याने निम्म्यावर यायचं, मी कपाळाला हात लावायचा, मग मध्ये कुठेतरी भेटायचं. बाईंनी भाव ऐकला, पिशवीचा बंद ओढला आणि म्हणाल्या, "बरं. येते."

उठून जायचं नाटक मला माहीत आहे. माणूस फाटकापर्यंत जातो, पाय रेंगाळतात, मान वळते. बाईंची मान वळली नाही. रस्ता ओलांडून त्या बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मला राग आला. मी मागे गेलो.

"अहो, काहीतरी बोला ना! तुमचा भाव सांगा."

"तुम्ही सांगितलात की. तुम्ही योग्यच सांगितला असणार. मला परवडत नाही. यात बोलायचं काय आहे?"

त्या खुर्च्या शेवटी कोणत्या भावाने गेल्या ते मी सांगणार नाही, धंद्यात अब्रू आहे माझी. चाकं काढून, खाली रबरी टोप्या बसवून मी स्वतः नारायण पेठेत नेऊन दिल्या. तेव्हापासून मी त्यांच्या लेखी 'खुर्चीवाले'. नाव त्यांनी कधी विचारलं नाही असं नाही, विचारलं आणि वापरलं नाही.

गटाची खोली एका वाचनालयाच्या मागच्या बाजूला होती, वाचनालयाने दया म्हणून दिलेली. आठवड्यातून दोनदा दुपारी उघडायची. दाराबाहेर एक लांब बाक, आणि बाकाच्या वर भिंतीला ताईंच्या अक्षरातली पाटी: 'नातेवाइकांनी बाहेर थांबावे. आतल्या बाईला तोंड आहे.'

त्या गटाचा सगळा कारभार या पाटीत होता. आई असो, बाप असो, भाऊ असो, पोलीस खात्यातला काका असो, बाकावर बसायचं. बाई एकटी आत. तिला काय पाहिजे ते तिने स्वतः सांगायचं आणि तिने सांगितलं तेवढंच गट करणार. त्याहून इंचभर जास्त नाही. आणि जे काही करायचं ठरलं असेल, मग ते पोलीस चौकीत जायचं असो की वकिलाकडे, त्या दाराशी पोचल्यावर ताई पुन्हा थांबायच्या. बाईला सगळ्यांपासून बाजूला घ्यायच्या आणि परत विचारायच्या. ऐन दारात! नसीम वैतागायची. "ताई, साहेब आत बसलेत, रिक्षाचं मीटर चालू आहे, आता परत काय विचारताय?" ताई म्हणायच्या, "घरातून निघताना हो म्हणणं वेगळं असतं. दार दिसल्यावर काय म्हणते ते ऐकू दे."

ताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. सगळी नोकरी कानाला यंत्र लावून काढलेली. त्यामुळे की काय, कोणी बोलत असताना मध्ये तोंड घालणं त्यांना माहीतच नव्हतं. बाई बोलायची थांबली, की ताई थोडं थांबून म्हणायच्या, "बरं. मग?" एवढंच. 'अरेरे' नाही, 'बिचारी' नाही, 'कसली माणसं ही' नाही. कोणी रडायला लागली तर टेबलाच्या कप्प्यातून धुतलेला पंचा काढून द्यायच्या. "रुमालाने काय होतंय? नीट पुसा. घाई नाही." आणि स्वतः डब्यातले शेंगदाणे आणि गूळ खात बसायच्या, की समोरचीला वाटू नये हिचं लक्ष माझ्या रडण्याकडे आहे.

कोवळी पोरगी आली तरी तिला 'अहो' म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, "ताई, तुमच्या नातीच्या वयाची आहे ती." तर म्हणाल्या, "घरी तिला कोणी अहो म्हणत नाही. इथे म्हटलं तर काही झिजत नाही माझं."

मी चहा प्यायला म्हणून अधूनमधून तिकडे जायला लागलो. पेठेत कामं असायचीच. खरं सांगायचं तर बाकावरची माणसं बघायला मजा यायची. एकदा एक मोठे गृहस्थ, बँकेतून निवृत्त, मुलीला घेऊन आले होते. मुलगी आत. हे बाकावर बसून मला जावयाची सगळी कुंडली सांगत होते. "सोडवायचंच आहे तिला. मी ठरवलंय. घटस्फोट, पोटगी, सगळं. सोडत नाही मी त्याला." तासाभराने ताई बाहेर आल्या.

"काय ठरलं?" गृहस्थ उभे राहिले.

"मिक्सर आणायचाय."

"काय?"

"तिचा मिक्सर सासरी राहिलाय. तो तिला हवाय. पहिल्या पगारातून घेतलेला आहे."

"अहो पण घटस्फोटाचं काय?"

"ते ती काही बोलली नाही."

गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले, जणू काही मी त्यांच्या बाजूचा साक्षीदार. मी खरंच होतो. ताई दुसऱ्या दिवशी बस बदलत बदलत वाघोलीच्या पुढे गेल्या, त्या जावयाच्या घरी बसल्या, चहा घेतला आणि मिक्सर मांडीवर घेऊन बसने परत आल्या. भांडी तीनही होती, झाकणासकट. मी म्हटलं, "ताई, तिकडे संसार पेटलाय आणि तुम्ही मिक्सर आणलात?"

"तिने मिक्सर मागितला होता," ताई म्हणाल्या. "मी संसार आणला असता तर तो तिने ठेवला कुठे असता?"

तेव्हा मी हसलो होतो. दुसऱ्याच्या मुलीचं होतं ना.

माझी धाकटी बहीण वैशाली. आम्ही दोघंच. आईवडील लवकर गेले, हिला मी वाढवली म्हटलं तरी चालेल. बी.कॉम. झाली, हिंजवडीत एका कंपनीत पगार-विभागात लागली. कंपनीच्या बसमधून जायची, गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी. ती पट्टी ती घरी आल्यावरही लवकर काढायची नाही. लग्न मी लावून दिलं, धायरीला. गावचे जुने लोक, जमिनी विकून त्यावर आपल्याच नावाची इमारत बांधलेली. तळमजल्यावर गाळे, वर मजल्यामजल्यावर सगळी भावकी. मी चौकशी केली होती. मी चौकशी केल्याशिवाय मोडकं टेबलसुद्धा उचलत नाही. माणसं गोड होती.

लग्नानंतर नोकरी सुटली. का, तर बस फार वेळ घेते. मग फोन कमी झाले. मुलगी झाली, आर्या, तेव्हा वाटलं बरं झालं. आणि मग एका भर उन्हाळ्याच्या दुपारी वैशाली गोडाऊनला आली, आर्याला शाळेतून घेऊन परस्पर. अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस. गोडाऊनला वर पत्रे, आत माझे हमाल उघड्या अंगाने काम करत होते. मी म्हटलं, "एवढ्या उकाड्यात हे काय घातलंयस?" ती बाही खाली ओढत म्हणाली, "दादा, पाणी दे."

मी पाणी दिलं आणि बाही वर केली. जे दिसलं ते लिहीत नाही.

ती आली त्याच रिक्षाने मी तिला नारायण पेठेत नेली. माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. तक्रार, चौकी, जावयाला कॉलर धरून खाली आणणं. ओळखीची जागा, आपल्याच खुर्च्या. दाराशी गेलो तर ताई वैशालीला म्हणाल्या, "या, बसा." आणि मला बाक दाखवला.

"मी भाऊ आहे तिचा!"

"वाचता येतं ना?" ताई म्हणाल्या आणि दार लावलं.

आर्या माझ्या शेजारी बाकावर बसून शेंगदाणे खात होती. आत आवाज यायचा तो फक्त "बरं. मग?" बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या. वैशालीचा चेहरा धुतलेला. ताई म्हणाल्या, "त्यांना विचार करायचाय. त्या आज घरी जातायत."

"कोणत्या घरी?"

"धायरीच्या."

मी ओरडलो. वाचनालयातली माणसं खिडकीशी आली. ताईंनी ओरडू दिलं. मी दमलो तेव्हा म्हणाल्या, "झालं? आता रिक्षा बघा. शाळा सुटल्यावर एवढा उशीर का, हे त्यांना घरी सांगायचंय."

नंतर वैशालीने स्वतःच ताईंना फोन केला. शेजारणीच्या फोनवरून. अमुक दिवशी सकाळी नवरा गावाकडे जमिनीच्या मोजणीला जाणार आहे, तेव्हा टेम्पो घेऊन या, मी निघते. आर्या शाळेत असेल, जाताना तिला घेऊ. ताईंनी मला कळवलं आणि वर म्हणाल्या, "टेम्पो तुमचा आहे म्हणून सांगतेय. भाऊ म्हणून नाही."

मी टेम्पो आणला आणि माझे चार दणकट हमाल आणले. ताईंनी त्यांच्याकडे नजर टाकली.

"एवढे कशाला?"

"सामान उचलायला."

"सामान का माणसं?"

"वेळ पडली तर दोन्ही."

"मग हे टेम्पोतच बसतील. तुम्ही पण."

धायरीला पोचलो. त्या इमारतीचा जिना मधोमध, उघडा, प्रत्येक मजल्यावर कठड्याला भावकी. आमचा टेम्पो थांबला तशी माणसं गोळा झाली. वर सासूबाई उभ्या, कमरेवर हात. वैशाली एक बॅग घेऊन खाली येत होती. अर्ध्यात पोचली. मला ती दिसली, तिला मी दिसलो. मी हात हलवला, की ये, ये लवकर.

आणि कुंदाताई जिना चढून गेल्या आणि तिला घेऊन मीटरच्या पेटीपाशी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. विचारत होत्या! त्या तसल्या वेळी, वरून पन्नास डोळे बघत असताना, यांचं ते दारातलं विचारणं चालू होतं. नसीम माझ्या शेजारी पुटपुटत होती, "आज नको ताई, आज नको."

वैशालीने मान खाली घातली. मग बॅग उचलली आणि वळून वर निघून गेली.

ताई खाली आल्या. "टेम्पो वळवा."

मी उडी मारून जिन्याकडे धावलो. ताई जिन्याच्या तोंडाशी आडव्या उभ्या. मी त्यांना ढकलू शकलो असतो, वजन ते काय त्यांचं.

"खुर्चीवाले, त्या नाही म्हणाल्यात."

"घाबरलीय ती! दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतंय. घाबरलेल्या बाईचं नाही पण नाहीच असतं."

"आणि ती मेली म्हणजे?"

ताईंचा चेहरा मला अजून दिसतो. पांढरा पडला होता. पण बाजूला झाल्या नाहीत. तोवर वरून दोन-तीन चुलत दीर उतरायला लागले आणि नसीमने मला दंड धरून टेम्पोत घातलं.

परत येताना मला त्यांना जे बोलायचं होतं ते सगळं बोललो. म्हटलं, सौद्यात एक क्षण असतो. त्या क्षणाला हात पुढे केला नाही तर माल गेला. तुम्हाला आयुष्यात भाव करता आला नाही, म्हणून तुम्ही हातातलं घालवलंत.

ताई म्हणाल्या, "मालाने काय सांगितलं ते ऐकलंत का तुम्ही?"

"काय सांगितलं? सांगा ना! काय विचारलंत आणि काय म्हणाली?"

"ते त्यांचं आहे. त्यांनाच विचारा."

विचारणार कसं? त्या दिवसापासून मला ती इमारत बंद झाली. भावाने गुंड आणले, असं गावभर झालं. वैशालीचं माहेरी येणं संपलं, रक्षाबंधनसुद्धा. फोन लावला की जावई उचलायचा, "ती कामात हाय," आणि ठेवायचा. मी पोलिसांकडे गेलो, तर ते दोनदा जाऊन आले आणि म्हणाले, बाई म्हणते माझी काही तक्रार नाही. वकील म्हणाला, तिची सही पाहिजे. साऱ्या पुण्यात जिथे गेलो तिथे एकच बाक होता, मी त्याच्यावर बसलेला आणि आत कोणी मला घेत नव्हतं.

अर्धवट केलेलं काम हे न केलेल्या कामापेक्षा वाईट. हे मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो. ताई चुकल्या. काही वेळा माणसाला उचलून न्यावं लागतं, मागाहून विचारावं. पाण्यात पडलेल्याला कोणी विचारत बसतं का?

ताईंनी यावर वाद घातला नाही. त्यांनी वेगळंच सुरू केलं. महिन्या-दोन महिन्यांनी त्या बसने धायरीला जायच्या आणि सरळ वैशालीच्या सासूबाईंकडे चहाला. आगाऊपणाने, न बोलावता. पहिल्यांदा त्यांना दारातच उभं केलं. दुसऱ्या वेळी बसवलं. सासूबाई म्हणायच्या, "आल्या आमच्या पाव्हण्या. बघा, हाय का न्हाई तुमची बाई धडधाकट? आमी काय मारून टाकत न्हाई कुनाला."

ताई म्हणायच्या, "म्हणून तर चहाला येते. जिथे मारतात तिथे मी चहा पीत नाही."

वैशाली ट्रे घेऊन यायची. ताई तिच्याशी काही बोलायच्या नाहीत. चहाला साखर बरोबर झालीय म्हणायच्या. मग निघून, उन्हात चालत, माझ्या गोडाऊनला. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. त्या आत येऊन समोर पडेल त्या खुर्चीत बसायच्या, बाटलीतलं पाणी प्यायच्या आणि म्हणायच्या, "दिसल्या. ट्रे दोन्ही हातांनी धरला होता. डावा हात नीट उचलत होत्या." किंवा, "आज ओठाला काहीतरी होतं. विचारलं तर म्हणाल्या तापाने जर उठलाय. मी सासूबाईंकडे बघत राहिले. त्या दुसरीकडे बघत राहिल्या."

"याचा काय उपयोग?" मी एकदा न राहवून बोललोच.

"कळत नाही हो," ताई म्हणाल्या. "कोणीतरी मोजतंय एवढं तिथे कळलेलं बरं. त्यांनाही आणि त्यांच्या सासूबाईंनाही."

त्यांच्या तोंडून 'कळत नाही' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग त्या उठल्या आणि बसकडे गेल्या. त्या धायरीला जाणार असतील त्या दुपारी मी बाहेरची कामं घेत नसे. माझ्या बहिणीचा ओठ कसा आहे, हात कसा आहे, हे मला जगात त्या एकाच माणसाकडून कळत होतं आणि ज्याच्याकडून कळत होतं त्याच्यावरच माझा राग होता. ही काय जागा आहे, जो तिथे बसलाय त्यालाच माहीत.

मागच्या वर्षी ताईंना झटका आला. घरीच, मटार सोलता सोलता. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्यांचे यजमान, आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो, त्यांनी फोन केला. मी दवाखान्यात गेलो, लांबून बघून आलो. घरी आणल्यावर एक कमी उंचीचा पलंग आणि पाठ टेकायची खुर्ची नेऊन दिली. ताईंना आत सगळं समजतं, डोळ्यांवरून दिसतं. तोंडातून एकच आवाज निघतो, लांब, 'आ' सारखा, आणि तो काढायलाही त्यांना लाज वाटते असं मला वाटतं.

धायरीच्या बातम्या थांबल्या. नसीम एकदा गेली, तिला सासूबाईंनी खालूनच परत पाठवलं. ताईंची जी काय सवय त्या घराला लागली होती, ती दुसऱ्याला मिळाली नाही.

गेल्या महिन्यात अप्पांचा फोन आला. "वैशाली येणार आहे ताईंना भेटायला. सासूबाईंनीच सांगितलं म्हणे, म्हातारी आजारी आहे, भेटून ये. जावई घेऊन येतोय. तो वर यायचा नाही. तुम्ही आधी येऊन बसा आणि गाडी लांब लावा."

मी जाऊन आतल्या खोलीत बसलो. वैशाली आली. मला बघून दारातच उभी राहिली. केस पांढरे झालेत तिचे, पुढचे. माझ्यापेक्षा किती लहान आहे ती. मी म्हटलं, "ये." ती आली, माझ्या डोक्यावरून उगाच हात फिरवला, जसा आईने फिरवावा, आणि ताईंजवळ जाऊन बसली.

थोडा वेळ तिने ताईंचे केस विंचरले. अप्पा चहा करायला गेले. मी हळू आवाजात म्हटलं, "वैशू, चल. आत्ता. मी खाली जातो, त्याला बोलण्यात गुंतवतो, अप्पा तुला रिक्षात बसवतील. आर्याला शाळेतून मी आणतो."

ती विंचरत राहिली. "आर्या शाळेत नाही. मी इकडे आले म्हणून आजीने तिला घरीच ठेवून घेतलंय, मी परतेपर्यंत."

मग जे इतकी वर्षं घशात होतं तेच आलं. "त्या दिवशी जिन्यात काय विचारलं यांनी तुला?"

ती ताईंकडे बघून बोलली, माझ्याकडे नाही. "ताई म्हणाल्या, तुम्हाला जायचंय, की तुमच्या भावाला तुम्हाला न्यायचंय?"

"हा काय प्रश्न झाला?"

"मला उत्तरच देता येईना रे. वरून सासूबाई बघत होत्या, खालून तू बघत होतास. मी म्हटलं, आज नको. ताई म्हणाल्या, बरं, मी येत जाईन." ती कंगवा साफ करायला लागली. "आल्या पण. किती वर्षं."

"आता तरी सांग. आता काय पाहिजे तुला?"

खाली गाडीचा हॉर्न वाजला. दोनदा, तुटक.

वैशाली पटकन उठली. पदर नीट केला, पर्स घेतली. ताईंच्या पायावर डोकं टेकवलं. आणि वर उठताना ताईंनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं.

"पाणी पाहिजे का ताई?"

ताईंनी मान हलवली, नाही.

"उशी नीट करू?"

नाही. धरून ठेवलं. त्यांच्या तोंडातून तो आवाज यायला लागला, लांब, थांबेचना. अप्पा चहाची किटली घेऊन दारात आले. "अगं, सोड. तिला जायचंय ना. खाली थांबलाय तो." ताईंनी सोडलं नाही. उरलेल्या अर्ध्या अंगाचं सगळं बळ त्या हातात आलं होतं, हाताच्या शिरा वर आल्या होत्या. मी उभा राहिलो. आणि उभा राहून काय करायचं ते मला सुचलं नाही.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी दाबून धरलेला.

वैशाली पलंगाच्या कडेवर टेकली. करंगळीपासून सुरुवात केली. एकेक बोट तिने हळूच सोडवलं, दुखणार नाही असं, आणि तो हात उचलून गोधडीवर ठेवला. "येते ताई," म्हणाली. माझ्याकडे न बघता गेली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज भरभर खाली गेला.

ताईंनी दाराकडे बघितलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.